किराणा स्लॉटबाहेर आला तर: दारात, फोनवर आणि फ्रीजपाशी काय करायचं

सकाळी ७ ते ९ चा स्लॉट घेतलेला आणि माल पावणेबाराला आला. किंवा संध्याकाळी ६ नंतरची वेळ घेतलेली आणि चार वाजताच गेटवरून वॉचमनचा फोन. दोन्ही वेळा आधी एकच गोष्ट बघायची: या ऑर्डरीत थंड काय काय आहे? तांदूळ, डाळ, साबण, तेल यांना तीन तासांनी काही होत नाही. दूध, पनीर, मासळी, आइस्क्रीम यांचं घड्याळ मात्र गाडी गोदामातून निघाली तेव्हाच सुरू झालेलं असतं. म्हणून वेळ चुकलेली ऑर्डर ही एक ऑर्डर समजू नका, दोन समजा: एक कोरडी, एक थंड. कोरड्या मालासाठी भांडायला नंतर वेळ आहे. थंड मालाचा निकाल दारातल्या पाच मिनिटांत लावावा लागतो.

पुढचं सगळं मुख्यतः ठरावीक वेळेचा स्लॉट देणाऱ्या सेवांना धरून आहे: बिगबास्केट, ॲमेझॉन फ्रेश, डीमार्ट रेडी आणि तशाच बाकीच्या. दहा-पंधरा मिनिटांत आणून देणाऱ्या ॲपना सहसा स्लॉट नसतोच, पण माल तपासण्याचा आणि पैसे परत मागण्याचा भाग त्यांनाही तसाच लागू आहे.

स्लॉट का चुकतो

हे माहीत असलं की फोनवर नेमकं काय विचारायचं ते कळतं. स्लॉटचा माल गोदामात क्रेटमध्ये भरतात आणि एका फेरीतल्या सगळ्या घरांचे क्रेट एकाच टेम्पोत किंवा व्हॅनमध्ये चढवतात, तेही उतरवायच्या क्रमाने. शेवटच्या घराचा क्रेट सगळ्यात आत. पहिल्या घरी गेटवर नोंदीची रांग, दुसरीकडे सर्व्हिस लिफ्ट बंद, तिसरीकडे पाचशेचे सुट्टे नाहीत, चौथीकडे ग्राहक फोनच उचलत नाही. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं गेली तरी पाचव्या घराचा स्लॉट हलतो. मुंबईत भरतीच्या वेळी जोराचा पाऊस लागला की हिंदमाता, अंधेरी सबवे अशा ठिकाणी पाणी भरतं आणि अख्खी फेरीच अडकते. पुण्यात अनंत चतुर्दशीला मध्यवर्ती पेठांतले रस्ते विसर्जन मिरवणुकीसाठी बंद असतात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला स्लॉट ॲपवर मोकळा दिसला तरी घेऊ नका.

थंड मालाची पेटी गाडीत वेगळी असते आणि ती प्रत्येक घरापाशी उघडली जाते. त्यामुळे फेरीतल्या शेवटच्या घराला मिळणारं दूध पहिल्या घराच्या दुधापेक्षा कोमट असतं, गाडी अगदी वेळेवर आली तरीही. उशीर झाला की हा फरक आणखी वाढतो. तुमचा माल नेहमीच स्लॉटच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत येत असेल तर तुमचं घर फेरीच्या टोकाला आहे असं समजा आणि थंड माल त्या सेवेकडून कमीच मागवा.

ऑर्डर देतानाच करून ठेवायचं

ऑर्डर पक्की झाली की स्लॉट दिसतो त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. हे अनावश्यक वाटतं, पण बऱ्याच ॲपमध्ये उशीर झाला की स्लॉट आपोआप पुढे सरकतो आणि ऑर्डरच्या पानावर फक्त नवी वेळ उरते. मग तुम्ही ‘सात ते नऊ’ म्हणता आणि समोरचा ‘आमच्याकडे अकरा ते एक दिसतंय’ म्हणतो. ऑर्डर पक्की झाल्याचा एसएमएस किंवा मेल येत असेल तर तोही पुसू नका.

नकाशावरची पिन इमारतीच्या मधोमध असते. ती हलवून गाडी जिथून आत येते त्या गेटवर आणा. दोन गेट असलेल्या सोसायट्यांत निम्मा उशीर इथेच होतो. पत्त्याच्या शेवटच्या ओळीत विंग, मजला आणि ‘मागच्या गेटने, मेडिकलच्या शेजारून’ असं सरळ मराठीत लिहा. गाडीवरच्या मुलाला ते इंग्रजी लँडमार्कपेक्षा लवकर कळतं. फोनवर अनोळखी नंबर आपोआप गप्प करण्याची सोय चालू असेल तर स्लॉटपुरती बंद ठेवा, कारण डिलिव्हरीचा फोन बहुतेक वेळा कंपनीच्या मधल्या नंबरावरून येतो आणि तो दर वेळी वेगळा असतो.

मुलं परदेशात आणि आईवडील पुण्यात किंवा नाशकात, ऑर्डर मुलाच्या खात्यातून, अशी घरं आता खूप आहेत. इथे ठरलेली चूक म्हणजे ओटीपी मुलाच्या फोनवर जातो. पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा झालेले असतात. डिलिव्हरीचा संपर्क म्हणून आईवडिलांचाच नंबर टाका, आणि ॲप तो बदलू देत नसेल तर त्यांच्याच नंबरावर वेगळं खातं काढून पैसे तुम्ही भरा.

थंड आणि कोरडा माल दोन वेगळ्या ऑर्डरींत घेता आला तर उत्तमच. डिलिव्हरी चार्ज दोनदा पडतो म्हणून लोक हे टाळतात. पण महिन्याचा दहा-बारा किलोचा कोरडा माल एका ऑर्डरीत आणि दूध-पनीर जवळच्या डेअरीतून, असं केलं तर चार्जही वाचतो आणि उशिराची भीतीही उरत नाही.

ज्या गोष्टीला मुहूर्त आहे ती स्लॉटवर सोडू नये. सत्यनारायणाची केळी, केळीची पानं, फुलं, गणपतीचे मोदक करायचे असतील त्या दिवशीचा नारळ: हा माल खराब न होताही उशिरामुळे वाया जातो. त्यासाठी आदल्या दिवशीचा स्लॉट, आणि फुलं तर बाजारातूनच.

वेळ टळली की

स्लॉट संपल्यावर पहिला अर्धा तास काही करू नका. गाडी जवळपास असण्याचीच शक्यता जास्त. अर्धा तास उलटला की ॲपमधून फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: ‘गाडी गोदामातून निघाली आहे का?’ ‘कधी येणार’ असं विचारलं तर ‘लवकरच’ एवढंच उत्तर मिळतं.

गाडी निघाली असेल तर डिलिव्हरीच्या मुलाचा नंबर मागा आणि त्याला तुमच्या आधी किती घरं आहेत ते विचारा. तीन घरं म्हणजे साधारण पाऊण तास. पॅकिंगच चालू आहे असं कळलं तर किमान एक पूर्ण स्लॉट गेला असं धरून चाला. थंड वस्तू तेवढ्या रद्द करता येतात का बघा, आणि तसं होत नसेल तर पूर्ण ऑर्डर रद्द करा. ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसायला लागलं की ॲपवरून रद्द करणं सहसा बंद होतं, म्हणून हा निर्णय लांबवू नये. ‘रीशेड्यूल केलं आहे’ असं उत्तर आलं तर नवी वेळ तुम्हाला मान्य आहे की नाही ते चॅटवर लिहूनच सांगा. गप्प राहिलात तर तुम्ही नवी वेळ स्वीकारली असं धरलं जातं.

उशिरा आली म्हणून ऑर्डर रद्द केलीत आणि वर रद्द करण्याचा दंड लावला गेला, तर तो मान्य करू नका. ई-कॉमर्सच्या नियमांनुसार कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करते तेव्हा तसाच दंड स्वतः सोसत नसेल, तर ग्राहकाला तो लावता येत नाही.

दारात

मुलाला दोन-तीन मिनिटं थांबायला सांगा. तो घाईत असतो, पण एखादी वस्तू परत द्यायची असेल तर त्याच्या ॲपमध्ये तिची ‘परत’ अशी नोंद तिथल्या तिथे व्हायला हवी. नाहीतर हिशेबात ती तुम्हाला मिळालेलीच दिसते. तुम्ही नुसती पिशवीतून काढून त्याच्या हातात दिलीत, तर पैसे परत मिळायला आठवडा जातो, कधीकधी मिळतही नाहीत.

बघायचा क्रम असा: आधी थंड पिशवी, मग अंडी, मग पालेभाजी, शेवटी नग. बहुतेक लोक उलटं करतात, बिलावरून नग मोजत बसतात आणि आइस्क्रीमपर्यंत पोचतात तेव्हा मुलगा लिफ्टमध्ये असतो. थंड पिशवी उघडतानाच एक फोटो काढा. त्यात बर्फाचं जेल पॅक दिसलं पाहिजे. जेल पॅक घट्ट असेल तर माल बहुधा ठीक आहे. पूर्ण वितळून पाण्याच्या पिशवीसारखं झालं असेल तर तो माल किती वेळ कोमट आहे हे कुणीच सांगू शकत नाही, तो मुलगाही नाही.

उशीर त्या मुलाने केलेला नसतो, हे एवढ्यासाठी सांगायचं की रेटिंगचा खोका भरताना त्याला एक तारा दिला तर तो त्याच्या खात्यावर चढतो, गोदामाच्या नाही. तक्रार ऑर्डरवर करा. मुलगा नीट वागला असेल तर त्याचं रेटिंग चांगलंच द्या.

थंड माल: ठेवायचा की परत

आधी तापमानाचं. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा जंतू वाढण्याचा. शिजवल्याशिवाय खायचे किंवा पटकन नासणारे पदार्थ या पट्ट्यात सगळे मिळून दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास, असा जगभर वापरला जाणारा हिशेब आहे. नागपूर, जळगाव, सोलापूर इथे एप्रिल-मे महिन्यांत तो एक तासच धरायचा. गोठवलेल्या मालासाठी आकडा उणे १८ अंश. तो साठवणीचा, पण घरी पोचताना माल निदान दगडासारखा असायला हवा.

स्वयंपाकात वापरायचा टोकदार थर्मामीटर असेल तर अंदाज करत बसावं लागत नाही. दुधाच्या दोन पिशव्या एकमेकींना चिकटवून मधे टोक ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. पाचच्या आत असेल तर काही प्रश्न नाही. सहा-सात-आठ असेल तर दूध लगेच तापवा आणि त्याच दिवशी संपवा. दहाच्या वर गेलं असेल आणि स्लॉटही दोन तासांहून जास्त चुकला असेल तर परत करा. आकड्याचा फोटो काढून ठेवा. ‘गरम आलं होतं’ या वाक्यापेक्षा ‘१४ अंश’ दाखवणारा फोटो तक्रारीत फार उपयोगी पडतो.

थर्मामीटर नसेल तर पिशवीतलं दोन चमचे दूध छोट्या पातेलीत उकळून बघा. फाटलं तर विषय संपला. बाकीच्या पिशव्या न फोडता परत. नासलेल्या दुधाचं पनीर करून टाकायचा मोह घरोघरी असतो. ते दूध किती वेळ उन्हातल्या गाडीत होतं हे माहीत नसताना तो नको. टेट्रा पॅकमधल्या यूएचटी (खूप तापवून निर्जंतुक केलेल्या) दुधाला यातलं काहीच लागू नाही. पॅक उघडेपर्यंत ते बाहेरच राहू शकतं.

दही आंबट झालं तर चवीपुरतं वाईट, कढी होते. पनीरचं व्हॅक्यूम पाकीट मात्र फुगलेलं असेल तर परत, त्यात चर्चा नाही. इडली-डोशाच्या पिठाचं पाकीट थोडं फुगणं हा आंबण्याचा गुणच आहे. ते गळत असेल किंवा वरती रंगीत ठिपके असतील तरच परत करा. नुसतं जास्त आंबलेलं असेल तर त्याचे उत्तप्पे होतात. लोणी, चीज यांना तासाभराने काही होत नाही. चॉकलेटवर पांढरट थर आला म्हणजे ते वितळून पुन्हा घट्ट झालंय. खायला चालतं, पण भेट द्यायला आणलं असेल तर बदलून मागा.

गोठवलेले मटार पिशवीत सुटे, गोट्यांसारखे खळखळायला हवेत. सगळा एक ढेकूळ झाला असेल तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलेला आहे, आणि तोही कदाचित तुमच्याकडे येण्याआधीच. मऊ झालेत पण हाताला अजून बर्फाचे कण लागतात असे मटार, कॉर्न, पराठे परत फ्रीझरमध्ये टाकता येतात. पोत थोडा जातो एवढंच. आइस्क्रीमचं तसं नाही. वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवू नये. वरची पातळी खाली गेलेली दिसते आणि कडेला बर्फाच्या सुया असतात, तेव्हा ते एकदा वितळून गेलेलं आहे.

मासळीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे नाक फसतं. बांगडा, कुपा, सुरमई अशी मासळी कोमट राहिली की तिच्यात हिस्टॅमिन नावाचं, ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं. ते शिजवून, तळून किंवा पुन्हा गोठवून जात नाही, आणि वासावरून दर वेळी कळतंही नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगाला खाज सुटणं असं होतं आणि लोक त्याला ‘मासळीची ॲलर्जी’ समजतात. त्यामुळे या जातींना वरचा दोन तासांचा हिशेब सैल करायचा नाही. पाकीट हाताला गार नाही, बर्फ संपलेला आणि आत पाणी सुटलेलं, असं असेल तर वास चांगला असला तरी परत. अख्खी मासळी असेल तर गिल लालभडक आणि डोळे फुगीर हवेत. बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा भरून यायला हवा. तुकडे असतील तर चिकट तार सुटते का बघा. चिकनचंही तसंच: पाकीट गार नसेल, फुगलेलं असेल किंवा आतलं पाणी गढूळ असेल तर ठेवू नका. घरात लहान बाळ, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर शंका आलेली कुठलीच थंड वस्तू ठेवायची नाही.

पालेभाजी वेगळी गोष्ट आहे. मेथी, पालक, कोथिंबीर बंद प्लास्टिकमध्ये श्वास घेत राहतात आणि स्वतःच तापतात. जुडीच्या मधोमध हात घातला तर बाहेरच्यापेक्षा ऊब जाणवते. तिथूनच ती पिवळी आणि बुळबुळीत व्हायला लागते. नुसती कोमेजली असेल तर परत करू नका. देठाचा शेवट कापून जुडी पंधरा-वीस मिनिटं गार पाण्यात उभी ठेवा, ती उठते. मग पाणी झटकून सुती कापडात गुंडाळा. बुळबुळीत झाली असेल तर मात्र फोटो काढून पैसे मागा. मशरूमच्या पाकिटात आतून पाणी साचलं असेल आणि टोप्या तपकिरी असतील तर तेही परत. अंडी आपल्याकडे दुकानात बाहेरच असतात, उशिराने त्यांना फारसं काही होत नाही; तडे बघा, बस.

कोरड्या मालात पावसाळ्यात फक्त ओल बघायची. रवा, पोहे, साखर यांची पाकिटं पुसून डब्यात भरा. कागदी पिशवीतलं पीठ ओलं झालं असेल तर ते परतच. कांदे-बटाटे ओले आले तर पिशवीतून काढून वर्तमानपत्रावर पसरा.

ऑर्डर दुसऱ्या दिवसावर गेली असेल तर दही, ब्रेड, पनीर यांच्या तारखाही बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने) ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं आहे की माल ग्राहकाच्या हातात पडताना त्याची निदान ३० टक्के मुदत किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक असावेत. दहा दिवस टिकणारं दही एका दिवसाच्या मुदतीवर आलं असेल तर ते सरळ परत करायला हे पुरेसं कारण आहे.

वेळेआधी आला तर

फेरी लवकर संपली, मधली दोन घरं रद्द झाली किंवा मुलाला जेवायच्या आधी गाडी रिकामी करायची आहे, म्हणून माल लवकर येतो. घरी कुणी असेल आणि ऑर्डरीत थंड माल असेल तर घेऊन टाका. ‘सहालाच या’ असा आग्रह धरलात तर तुमचं पनीर आणखी दोन तास गाडीत फिरणार आणि तुमचा क्रेट फेरीच्या शेवटी जाणार.

घरी कुणी नसेल तर गेटवर ठेवायला सांगण्याआधी चौकशी करा. बऱ्याच सोसायट्यांत वॉचमनच्या केबिनमध्ये फ्रीज नसतो, वर पत्र्याचं छप्पर असतं आणि मेमध्ये आत भट्टी असते. कोरडा माल तिथे राहू द्या, थंड पिशवी मात्र शेजारच्या काकूंकडे द्यायला सांगा. हे वारंवार होत असेल तर घडीची थर्मल पिशवी किंवा जुनी थर्माकोलची पेटी फ्लॅटच्या दाराशी ठेवा. सकाळी निघताना त्यात फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या घाला. दुधाच्या दोन पिशव्या आणि पनीरचं एक पाकीट दोन-तीन तास निभतं. मासळी आणि चिकनसाठी हा उपाय नाही.

कुणीच घेणारं नसेल तर मुलाला स्पष्ट सांगा, ‘स्लॉट सहाचा आहे, सहानंतर या’, आणि तेच वाक्य ॲपच्या चॅटमध्येही टाका. नाहीतर ऑर्डरवर ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ असा शेरा पडतो आणि पुढची तक्रार तिथेच अडकते. स्लॉटच्या आधी दार उघडायला तुम्ही बांधील नाही.

‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, माल नाही

गोदामाची वेळेवर पोचवण्याची टक्केवारी सांभाळायला काही ठिकाणी स्लॉट संपत आला की ऑर्डर ‘पोचली’ अशी खूण करायचा दबाव मुलांवर असतो. मग तो फोन करतो: ‘सर, वाटेत आहे, ओटीपी सांगा, नाहीतर माझा पेमेंट कट होतो.’ त्याचं म्हणणं खरं असू शकतं. तरीही माल हातात पडेपर्यंत ओटीपी देऊ नका. दिलात तर कागदोपत्री माल वेळेवर पोचला आणि उशिराची, खराब मालाची, कमी नगांची तुमची सगळी तक्रार लंगडी झाली.

ओटीपी न देताच तशी खूण झाली असेल तर तीन गोष्टी जपा: ॲपवरची वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, त्या वेळेचा फोनचा कॉल लॉग आणि सोसायटीत मायगेट किंवा तसं ॲप असेल तर त्यातली प्रवेशाची नोंद. गाडी ११.३५ ला गेटमधून आत आली अशी नोंद असेल तर ८.५८ ला ‘डिलिव्हर्ड’ कसं झालं, याला कुणाकडे उत्तर नसतं. ‘आलो होतो, कुणी नव्हतं’ असा शेरा आला तरी हाच पुरावा उपयोगी पडतो. गेटवर नोंद नाही म्हणजे कुणी आलंच नाही.

तक्रार आणि पैसे

त्याच दिवशी तक्रार करा. नाशवंत मालाच्या तक्रारीची मुदत बऱ्याच ॲपवर फार छोटी असते आणि ती गेली की तो पर्यायच दिसेनासा होतो. डिलिव्हरी झाल्यावर चॅटबॉटच्या यादीत ‘उशीर’ सापडत नाही. तेव्हा ‘वस्तूचा दर्जा’ निवडा आणि वस्तूवार टाका. ‘सगळी सेवाच वाईट आहे’ असं लिहिलं की माफीचा मेसेज येतो, पैसे येत नाहीत. मजकूर साधारण असा असावा:

‘ऑर्डर क्रमांक अमुक. स्लॉट १२ तारखेला सकाळी ७ ते ९. माल मिळाला त्याच दिवशी ११.४० ला. दूध १ लिटर, पनीर २०० ग्रॅम आणि गोठवलेले मटार ५०० ग्रॅम या तीन वस्तू कोमट किंवा वितळलेल्या आल्या. फोटो जोडले आहेत. या तीन वस्तूंची रक्कम आणि डिलिव्हरी चार्ज ज्या पेमेंटने भरले त्याच खात्यावर परत करा. तक्रार क्रमांक द्या.’

शेवटची दोन वाक्यं सोडू नका. काही न सांगितल्यास पैसे ॲपच्या वॉलेटमध्ये जातात आणि पुन्हा तिथेच खर्चावे लागतात. रोख दिले असतील तर खात्याचा किंवा यूपीआयचा तपशील ॲपच्या आतच भरा. परत मिळायच्या पैशांसाठी कुणी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगत असेल तर तो चोर आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, ॲपमधूनच घ्या. गंडलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन.

कायदा इथे तुमच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा उशिरा आलेला माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. अपवाद आहे तो हाताबाहेरच्या आपत्तीचा: पूर, दंगल, बंद असं काही. ‘आज ऑर्डरी खूप होत्या’ ही आपत्ती नव्हे. चॅटवरचा माणूस ‘नाशवंत माल परत घेत नाही, ही आमची पॉलिसी आहे’ म्हणाला तर त्याला हा नियम सांगा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवायला सांगा. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क कंपनीने ॲपवर किंवा साइटवर देणं बंधनकारक आहे. सहसा ते सगळ्यात खालच्या पानांत दडलेलं असतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात, अशी त्याला मुदत आहे.

तिथे काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. ऑर्डर क्रमांक, कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक आणि फोटो तयार ठेवा. तक्रार क्रमांक नसेल तर आधी कंपनीकडेच जायला सांगतात. दोन-तीनशे रुपयांसाठी बहुतेकांचं काम इथेच होतं. रक्कम मोठी असेल, किंवा तोच प्रकार सतत होत असेल आणि खाण्यातून कुणी आजारी पडलं असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येतो. आजारपणाचा मुद्दा असेल तर डॉक्टरांच्या कागदावर काय खाल्लं आणि कधी खाल्लं ते लिहून घ्या. उरलेला माल टाकून देण्याआधी पाकिटावरचा बॅच नंबर आणि तारीख दिसेल असा फोटो काढा.